पहिल्या मडक्यातली खूण

माणसाचं समाधान मडक्यात मोजता येतं, असं कुणी जानकूला आधी सांगितलं असतं तर तो पोट धरून हसला असता. मासा मोजावा, भात मोजावा, फार तर पाऊस मोजावा, आणि तोही सरकारनं. पण पुण्याहून एक बाई आली, पाच मडकी मांडून बसली आणि जांभूळवाडीच्या चोवीस मच्छीमारांचं समाधान मोजून घेऊन गेली. पुढं त्याचं चांगलं गुळगुळीत कागदाचं पुस्तक निघालं. त्या पुस्तकानं जानकूचं काय केलं, ते सांगतो.

जांभूळवाडी म्हणजे शिनोलीच्या पुढं, डोंगराच्या कुशीत, धरणाच्या पाण्याला लागून असलेली तीसेक घरं. जुनं गाव त्र्याण्णव साली पाण्याखाली गेलं. कौलं, वासे, चुलीचे दगडसुद्धा माणसांनी वर आणले, पण भाताची खाचरं काही उचलून आणता येत नाहीत. ही सगळी डोंगरातली माणसं, नाचणी-वरई पिकवणारी, हिरडा गोळा करणारी. जातीच्या नावात कोळी असलं तरी त्यांच्यात कुणी जन्मात जाळं धरलं नव्हतं. पाणी दाराशी आलं तेव्हा ट्रकच्या ट्यूबवर बसून, नाकातोंडात पाणी घेत ही माणसं मासेमारी शिकली. जानकू सगळ्यांत आधी शिकला. मग त्यानं रामनाथला शिकवलं आणि रामनाथच्या पाठच्या भावाला, भरतला.

भरत गेला सत्त्याण्णवच्या फाल्गुनात. ती गोष्ट जानकू जशी सांगायचा तशीच सांगतो. रामनाथ त्या दिवशी बायकोला घेऊन घोडेगावच्या दवाखान्यात गेला होता. पाण्यावर जानकू आणि भरत दोघंच. जुन्या गावची आंब्याची झाडं तेव्हा पाण्याखाली उभीच होती, त्यातल्या एकाच्या फांदीत जाळं अडकलं. जाळं कोरं, चार दिवसांचं. जानकू म्हणाला, राहू दे, रामनाथ आला की बघू. पण बावीस वर्षांचं रक्त ते. "मी नको नको म्हनतोय तवर गडी खाली उतरला बी," जानकू सांगायचा. भरत दोनदा वर आला, तिसऱ्यांदा आला नाही. जानकूनं त्याच्यामागं किती उड्या टाकल्या याला हिशेब नव्हता. जाळ्याच्या तंगुसानं हात कापले, उजवा खांदा निखळला. संध्याकाळी वाडीनं गळ टाकून भरतला वर काढलं, तेव्हा जानकू काठावर बसून लहान पोरासारखा रडत होता. ते रडणं खरं होतं, यात काही शंका नाही.

महिनाभर जानकूनं पाण्याकडं तोंड केलं नाही. मग एका सकाळी रामनाथच त्याच्या दारात आला. "चल दादा," एवढंच म्हणाला. दोघं खाली आले. मच्छीमार सोसायटीची होडी दोघांपुरती, दोन फळ्यांची. पुढच्या फळीवर जाळेवाला बसतो, मागच्या फळीवर वल्हेवाला. रामनाथ मागं बसला, वल्हं हातात घेतलं. त्या दिवसापासून अकरा वर्षं तो मागंच बसला.

इतर जोड्यांमध्ये पाळी असे. आज तू वल्हं मार, उद्या मी. वल्हं मारणं काम जड, उलट्या वाऱ्यात तर छाती फुटते. पण रामनाथनं एक दिवससुद्धा जानकूला मागं बसू दिलं नाही. जानकू म्हणायचा, अरे आज मला दे की! रामनाथ मान हलवायचा. जानकूनं त्याचा अर्थ लावला होता: माझा खांदा गेला तो याच्या भावापायी, म्हणून हा जड काम स्वतः घेतो. हे तो वाडीत सांगे, बाजारात सांगे, पाहुण्याला सांगे. बायको लंकाबाई चेष्टेनं म्हणायची, "माझं आन् तुमचं लगीन झालं ते चुकलंच. रामनाथभावजीसंगंच लावायला पायजे व्हतं."

"लागलंच हाय की," जानकू म्हणायचा.

आता खुणांचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच फसलं. मोठा मासा सोसायटीच्या काट्यावर जायचा. बारीक मासळी मात्र काठावरच्या सपाट खडकावर ओतून घरोघरच्या वाट्यांना लावायची. वाटे कितीही सारखे घातले तरी कुणाला तरी शेजाऱ्याचा मोठा दिसणारच. म्हणून प्रत्येकानं आपली एक खूण द्यायची. सगळ्या खुणा एका तांब्यात टाकायच्या, आणि कुणीतरी तोंड फिरवून एकेक खूण काढून एकेका वाट्यावर ठेवायची. जिथं पडेल ते आपलं, कुरकुर बंद. ज्याची त्याची खूण वर्षानुवर्षं ठरलेली. जानकूची खूण रिठ्याची काळी बी. सोसायटीचा चेअरमन सावळेराम, त्याची घुंगरू. सोनीबाईची तुटक्या कपाचा कान. आणि रामनाथची एक निळं बटण, चार भोकांचं. ते भरतच्या सदऱ्याचं होतं. वाडीतलं शेंबडं पोरगंसुद्धा ते बटण बघून सांगेल की हा रामनाथकाकाचा वाटा.

दोन हजार आठच्या माघात वृषाली नावाची बाई आली. पंचविशीची, पुण्याच्या कुठल्याशा संस्थेतली, पाठीवर पिशवी, गळ्यात कॅमेरा. मच्छीमारांना आपल्या कामात किती समाधान वाटतं, जगणं किती बरं वाटतं, हे तिला मोजायचं होतं. उतरली जानकूच्याच घरी. लंकाबाईनं तिला नाचणीची भाकरी आणि वांब माशाचं कालवण वाढलं. पोरगी तिखटानं नाक पुसत होती, पण मागून मागून खात होती. जानकूला ती आवडली.

पहिले चार दिवस तिचं काहीच जमलं नाही. तिच्याकडं छापील कागद. कामाबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? एक ते पाच आकडा सांगा. लोक म्हणत, "बरं हाय की." म्हणजे किती? "बरं म्हंजे बरं." उत्पन्नाबद्दल? बरं हाय. आरोग्य? देवाच्या दयेनं बरं हाय. बयाबाई नावाची म्हातारी कण्हत कण्हत बाजेवरून उठली आणि म्हणाली, "लई बरं हाय, बाय." घरी आलेल्या माणसापुढं गाऱ्हाणं गायची वाडीला सवय नव्हती. वृषाली रडकुंडीला आली.

पाचव्या दिवशी तिनं खडकावर वाटे पडताना पाहिले, आणि तिच्या डोक्यात आलं की बोलायला लावूच नये. शाळेच्या खोलीत तिनं पाच अरुंद तोंडाची मडकी मांडली, त्यांच्यावर चुन्यानं एक, दोन, तीन, चार, पाच रेघा ओढल्या. एकेकानं आत जायचं. ती प्रश्न वाचणार आणि पाठ फिरवून उभी राहणार. अजिबात नाही वाटत असेल तर पहिल्या मडक्यात खूण टाकायची, पुरेपूर वाटत असेल तर पाचव्यात. सगळ्यांचं झालं की दार लावून ती एकटीच मडकी चादरीवर उपडी करून फोटो काढणार, खुणा एकत्र कालवून परत देणार, मग दुसरा प्रश्न.

"नाव नाही, सही नाही," वृषाली म्हणाली. "कुणी काय टाकलं ते मलासुद्धा कळणार नाही. अगदी मनातलं सांगा."

सावळेरामनं विचारलं, "खूण कसली टाकायची?"

"काहीही चालेल. तुम्ही वाट्यांना टाकता ना, तसंच."

झालं. चोवीस माणसं घरी गेली आणि चोवीस माणसं आपापली ठरलेली खूण घेऊन आली. खडा उचलावा, चिंचोका आणावा, असं एकाच्याही मनात आलं नाही. खूण म्हणजे आपली खूण, दुसऱ्याची कशी टाकायची? त्या पोरीला कुठली खूण कुणाची हे ठाऊक नव्हतं आणि वाडीला कुठली खूण कुणाची हे इतकं ठाऊक होतं की ते बोलायची गोष्टच राहिली नव्हती.

चौथा प्रश्न होता, ज्याच्याबरोबर तुम्ही होडीत बसता त्याच्यावर तुमचा किती भरवसा आहे? जानकूनं प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. रिठ्याची बी पाचव्या मडक्यात टाकली आणि छाती काढून बाहेर आला. त्याच रात्री जेवताना त्यानं वृषालीला मागच्या फळीची गोष्ट सांगितली. अकरा वर्षं मला वल्हं धरू दिलं न्हाई त्यानं. सख्खा भाऊ करनार न्हाई. ती भराभर वहीत उतरून घेत होती. निघताना त्यानं तिला सुक्या झिंग्यांची पुरचुंडी दिली, आणि ती त्याच्या पाया पडली.

पुस्तक आलं मार्गशीर्षात. वृषाली स्वतः घेऊन आली, बरोबर तिचे साहेब. शाळेच्या अंगणात सतरंजी अंथरली, नारळ फुटला. साहेब म्हणाले की जांभूळवाडीनं सगळ्या जिल्ह्यापुढं आदर्श ठेवला आहे. मोठ्या-मोठ्या बंदरांवर त्यांनी हे मोजलं, पण जोडीदारावरचा विश्वास इथं सर्वांत जास्त निघाला, पाचपैकी चार पूर्णांक सात. टाळ्या पडल्या. सावळेरामला वाचता चांगलं यायचं. त्यानं पुस्तकातली एक चौकट मोठ्यानं वाचली: 'येथील एका मच्छीमाराचा खांदा अधू आहे. त्याचा जोडीदार गेली अकरा वर्षे स्वतःच वल्हे मारतो, एकदाही त्याला मागे बसू देत नाही.' नाव नव्हतं, पण सगळ्या माना जानकूकडं वळल्या. जानकूनं टोपी सारखी केली. रामनाथ सतरंजीच्या टोकाला बसला होता, त्याची नजर खाली.

मग पुस्तक हातोहात फिरलं. जानकूला अक्षर येत नव्हतं, म्हणून तो फोटो बघत गेला. होडीचा फोटो, लंकाबाईचा भाकरी थापतानाचा फोटो. आणि मग चादरीचे, दर प्रश्नाचा एक. त्यातल्या एकावर तो थांबला. पांढऱ्या चादरीवर पाच मडकी, आणि ज्याच्या त्याच्यापुढं त्यातल्या खुणा. पाचव्यापुढं मोठा ढीग, त्यात घुंगरू, कपाचा कान, त्याची स्वतःची काळी बी. चौथ्यापुढं तीन. तिसऱ्यापुढं काही नाही, दुसऱ्यापुढं काही नाही. पहिल्या मडक्यापुढं एकच खूण.

निळं बटण. चार भोकांचं. फोटो इतका स्वच्छ की भोकातला दोऱ्याचा तुकडासुद्धा दिसत होता.

"कशाचा फोटू हाय ह्यो?" जानकूनं सावळेरामला विचारलं. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

सावळेरामनं खालची ओळ वाचली. जोडीदारावरील भरवसा. वाचता वाचता त्याला बटण दिसलं आणि त्याचं बोट फोटोवरच थांबलं. शेजारी सोनीबाई वाकून बघत होती, तिनं पदर तोंडाला लावला. पुस्तक पुढं गेलं, आणि ते जिथं जिथं गेलं तिथं तिथं बोलणं थांबत गेलं. साहेब चहा पीत होते, त्यांना काही कळलं नाही.

जानकू वृषालीपाशी गेला. "बाई, तुमी म्हनला व्हता, कुनाचं काय ते कळनार न्हाई."

"नाहीच कळलं काका," ती हसून म्हणाली. "का हो?"

"त्या पयल्या मडक्यातलं..."

"ते होय! ते एकच. साहेब म्हणाले, चुकून पडलं असेल. कुणीतरी मडकी उलटीकडून मोजली असतील."

चुकून! जानकूला जरा श्वास आला. असंल की. रामनाथला कुठं आकडे कळतात? पाच रेघांचं मडकं पहिलं समजला असेल. बुडत्या माणसानं ट्यूब धरावी तसा त्यानं हा शब्द धरला आणि घरी आला. पण घरी आल्यावर त्याला आठवलं की बाकी चार प्रश्नांच्या फोटोंत निळं बटण इतरांबरोबरच ढिगात होतं. मग याच वेळी कसा चुकला?

त्याचं डोकंच फिरलं. भाकरी तशीच ठेवली. "अगं, ह्याला वल्हं धरायला कुनी शिकवलं? मी. ह्याच्या पोरीच्या लग्नात मांडवाची मेढ कुनी रोवली? मी. अकरा वर्षं! अकरा वर्षं ह्याच्यापुढं पाठ करून बसलो मी, डोळं झाकून. आन् ह्यानं साऱ्या दुनियेपुढं माझी अब्रू पुस्तकात छापली. विश्वासघात म्हनत्यात तो ह्योच!"

लंकाबाई चुलीपाशी होती. तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "इचारा की त्यांना. माझ्यावर काय वरडताय?"

"इचारनारच! सोडतो का काय!"

सकाळी तो पाण्यावर गेला तेव्हा रामनाथ आधीच होडी मोकळी करत होता. ऊन डोंगरावरून अजून खाली उतरलं नव्हतं. पलीकडच्या काठाला धोंडाबाई शेरडांना हाका मारत होती. तिचं घर पैलतीरावर, धरण झालं तेव्हापासून ती तिथंच एकटी. ती शेरडांना घालत असलेल्या शिव्या इकडं शब्द न् शब्द ऐकू येत होत्या. पाण्यावरून आवाज लांब जातो.

रामनाथ मागच्या फळीवर बसला. जानकू होडीत चढला, पण पुढं तोंड करून बसला नाही. उभ्यानंच त्याच्याकडं बघत राहिला.

"बटन तुझंच ना रं?"

"माझंच."

"मडकी उलटीकडनं मोजलीस का काय? बाई म्हनत व्हती, चुकून पडलं आसंल." रागानं बोलायचं ठरवून आला होता, पण आवाजात विनवणी आली. हो म्हण लेका, एवढंच त्याच्या मनात होतं. चुकून म्हण, खोटं म्हण, मी मानून घेतो.

"न्हाई," रामनाथ म्हणाला. "दोनदा मोजली. मगच टाकलं."

जानकू फळीवर बसला. "मग मागं बसायचास ते? माझ्या खांद्यासाठी..."

"तुझ्याकडं पाठ करून मला बसवत न्हाई, दादा." रामनाथ हे रागानं बोलला नाही. रोजच्यासारखंच बोलला. "पयल्या दिशीच ठरवलं व्हतं. पान्यावर ह्या मानसाकडं पाठ करायची न्हाई."

अकरा वर्षं जानकू ज्या गोष्टीचा डांगोरा पिटत होता, ती ही. बाजारात, पाहुण्यात, पुस्तकात. त्याच्या कानशिलाला आग लागली. "आरं पन का? म्या काय केलं तुझं?"

रामनाथनं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. "त्या दिशी भरत खाली कसा उतरला?"

जानकूला क्षणभर वेळ होता. पुढं कितीतरी दिवस त्याला वाटत राहिलं की तेवढा वेळ पुरेसा होता. पण अकरा वर्षं घासून गुळगुळीत झालेलं वाक्य तोंडात तयारच असतं, ते माणसाला विचारत बसत नाही.

"मी नको नको म्हनत व्हतो," जानकू म्हणाला. "गड्यानं ऐकलं न्हाई."

रामनाथनं डोळे मिटले, उघडले. मग पैलतीराकडं मान केली. "धोंडाबाई तवा बी शेरडं चारत व्हती. आमच्या भरतचं तेराव्वं झालं आन् ती घरी आली. म्हनली, जानकू वरडत व्हता ते मला हितवर ऐकू आलं. 'उतर की! बांगड्या भरल्यात का?' आसं."

वारा नव्हता. होडी जागच्या जागी होती तरी जानकूनं तिचा काठ घट्ट धरला.

खरं होतं ते. जाळं कोरं होतं, सगळ्या वाडीत असं पहिलंच, आणि ते फाटेल म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता. भरत म्हणाला, दादा, खाली लई फांद्या हायेत, भ्या वाटतं. आणि जानकूनं ते म्हटलं. चेष्टेत म्हटलं, बापई माणसं रोज म्हणतात तसं म्हटलं. पोरगं ओशाळलं, हसलं, सदरा काढला, नीट घडी करून फळीवर ठेवला आणि उतरलं. निळ्या बटणांचा सदरा. संध्याकाळी लोक विचारायला लागले तेव्हा पहिल्यांदा ते दुसरं वाक्य तोंडातून गेलं. मग ते परत घेता येईना. वर्षं गेली तसं त्याला स्वतःलाच वाटायला लागलं की आपण नको नको म्हणत होतो.

"तुला ठावं व्हतं," जानकू कसाबसा म्हणाला. "समदं ठावं आसून माझ्यासंगं बसलास? अकरा वर्षं? का?"

"वाट बघत व्हतो. तू सांगशील म्हनून." रामनाथचा आवाज आता पहिल्यांदा फाटला. "तू बोलला आसतास तर मी मारलं आसतं तुला, शिव्या दिल्या आसत्या, आन् सोडून बी दिलं आसतं. तोंडातनं जातं मानसाच्या. पन तू रोज माझ्यापुढं पाठ करून बसायचास आन् भरतची गोष्ट सांगायचास. मी नको नको म्हनत व्हतो. रोज, दादा. मलाच सांगायचास."

"मग बोलला का न्हाईस कधी?"

"इचारलं कुनी? त्या बाईनं इचारलं. किती भरवसा हाय. अकरा वर्षांत पयल्यांदा मला कुनीतरी इचारलं." तो थांबला. "आन् आज मी तुला इचारलं. आज तरी सांगशील वाटलं व्हतं."

तो उठला. वल्हं त्यानं फेकलं नाही, आपटलं नाही. नीट मागच्या फळीवर आडवं ठेवलं, काठावर उतरला आणि चप्पल पायात सरकवली. खिशातून निळं बटण काढलं, बघितलं, परत खिशात टाकलं.

"सावळेरामला सांगतो," तो म्हणाला. "दुसरा गडी बघ म्हनावं होडीला." आणि वाडीची चढण चढायला लागला.

जानकू बसून राहिला. फसवलं मला, फसवलं मला, असं मनात रात्रभर चाललं होतं, ते आता कुणाविषयी म्हणायचं ते त्याला कळेना. होडी हळूहळू काठापासून सुटली. वल्हं कुणीतरी धरायला हवं होतं. तो पुढच्या फळीवरून उठला, वाकून चालत मागं गेला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा रामनाथच्या जागेवर बसला. बसल्यावर त्याला समोर दिसली ती रिकामी फळी. इथून त्यानं माझी मान बघितली, जानकूच्या मनात आलं. रोज सकाळी, रोज संध्याकाळी. वल्हं रामनाथच्या हातात असायचं आणि आजूबाजूला कुणीही नसायचं.

 चढणीवर रामनाथ अर्ध्यात पोचला होता.

"मीच म्हनलो!" जानकू ओरडला. खांदा दुखेपर्यंत ओरडला. "रामनाथ! मीच म्हनलो त्याला, उतर म्हनून! तो भ्या वाटतं म्हनत व्हता! मीच!"

आवाज पाण्यावरून सगळीकडं गेला. पैलतीरावर धोंडाबाईची हाक मध्येच थांबली. वर सोनीबाई दारात आली, सावळेराम दात घासता घासता ओट्यावर आला, लंकाबाई हंडा घेऊन उभी राहिली. सगळ्या वाडीनं ऐकलं.

रामनाथही थांबला. चढणीवर, वाडीकडं तोंड करून, हात मोकळे सोडून तसाच उभा राहिला. जानकू वल्हं धरून वाट बघत बसला, तो आता वळेल, मग वळेल. रामनाथची पाठ इतका वेळ त्याला कधी दिसली नव्हती.